घरफोडीचे आकडे आणि सातवी आज्ञा

“पूर्वी आम्ही दारे उघडी टाकून ओट्यावर झोपत असू, कोणी काडीला हात लावीत नसे.” वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे उद्गार ऐकले नाहीत असे कुटुंब आपल्या धर्मग्रामात विरळाच. त्यामागून बहुधा एक सुस्कारा येतो आणि मग निष्कर्ष निघतो : काळ वाईट आला, माणसे बिघडली. गुन्ह्यांची मोजदाद करणारे अभ्यासक मात्र काही वेगळेच सांगतात. ज्या देशांत ही मोजदाद वर्षानुवर्षे काळजीपूर्वक होत आली आहे, अशा अनेक देशांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत घरफोड्या वाढलेल्या नाहीत. उलट त्या फार मोठ्या प्रमाणात घटल्या आहेत.

अमेरिकेत १९८० साली पोलिसांकडे सुमारे ३८ लाख घरफोड्या नोंदल्या गेल्या. दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण १,६८४ इतके पडते. २०१९ साली हाच आकडा सुमारे ११ लाख १८ हजारांवर, म्हणजे दर लाखास ३४० वर आला. लोकसंख्या वाढली आणि घरफोड्या मात्र एक-तृतीयांशाहूनही कमी झाल्या. इंग्लंड व वेल्समध्ये पोलिसांच्या नोंदीवर विसंबून न राहता हजारो कुटुंबांना प्रत्यक्ष भेटून “गेल्या वर्षभरात तुमच्याकडे चोरी झाली का?” असे विचारण्याची पद्धत १९८२ पासून आहे. या पाहणीप्रमाणे १९९० च्या दशकाच्या मध्यास तेथे वर्षाला चोवीस लाखांच्या आसपास घरफोड्या होत असत. आज त्याच्या एक-चतुर्थांशही होत नाहीत.

हे वाचून कोणाही श्रद्धावंताला आनंदच व्हावा. घर फोडले जाणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यालाच ठाऊक. गेलेल्या ऐवजाचे दुःख काही दिवसांनी ओसरते. परंतु कपाटातील कपडे कोणा परक्या हातांनी उलथेपालथे केले, आजीच्या जपमाळेची पेटी फेकून दिली, या जाणिवेने कित्येकांची झोप वर्षभर उडालेली असते. अशी लाखो घरे वाचली, ही ईश्वरी कृपाच म्हटली पाहिजे. परंतु या आनंदाच्या मागे एक नैतिक प्रश्न उभा आहे आणि त्याचा विचार करणे हाच या लेखाचा हेतू आहे. घरफोड्या घटल्या याचा अर्थ सातवी आज्ञा अधिक पाळली जाऊ लागली, असा होतो काय? आकड्यांबरोबर माणूसही सुधारला काय?

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

प्रथम आपल्या देशाकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालमालिकेत १९५३ पासूनचे आकडे सापडतात. त्या वर्षी भारतात जवळजवळ दीड लाख घरफोड्या नोंदल्या गेल्या होत्या. २०१० च्या सुमारास हा आकडा नव्वद हजारांच्या आसपास होता. मधल्या काळात लोकसंख्या ३७ कोटींवरून जवळपास १२० कोटींवर गेली. म्हणजे दर लाख लोकांमागे चाळीस घरफोड्यांवरून आपण आठांच्या आत आलो. त्याच २०१० साली अमेरिकेत हे प्रमाण दर लाखास सुमारे सातशे होते. कागदावरचा हिशोब खरा मानला, तर भारतीय माणूस अमेरिकन माणसापेक्षा जवळजवळ नव्वद पट प्रामाणिक ठरतो!

असा दावा करण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करणार नाही. आणि न करणेच शहाणपणाचे आहे. एक तर दोन देशांतील घरफोडीच्या व्याख्या सारख्या नाहीत. अमेरिकेत कुलूप न फोडता, उघड्या खिडकीतून चोरीच्या हेतूने आत शिरलेला माणूसही घरफोड्या म्हणून मोजला जातो आणि दुकाने-कचेऱ्याही त्यात येतात. दुसरे म्हणजे, आपल्याकडे एकाच प्रसंगी अनेक गुन्हे घडले तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजणीत धरतात. घर फोडताना खून झाला, तर तो प्रसंग खुनाच्या रकान्यात जातो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी. तिकडे विम्याचे पैसे मिळवायचे तर पोलिसांत नोंद करावीच लागते. आपल्याकडे बहुसंख्य घरांचा चोरीविरुद्ध विमाच नसतो. मग फिर्याद देऊन, हेलपाटे घालून, साक्षी-पुराव्याचे झंझट मागे लावून मिळवायचे काय, असा विचार सामान्य माणूस करतो. फिर्याद द्यायला गेलेल्याचीही ती घेतली जाईलच, असे नसते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम खबरी अहवाल नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात स्पष्टपणे सांगावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तेव्हा नोंदींचा आकडा चोरांच्या हातांबरोबर पोलिसांच्या लेखणीचीही हालचाल दाखवितो. ज्या देशांत घरोघरी विचारून पाहणी होते, तेथली घट अधिक विश्वसनीय मानावी लागते. म्हणून “का घटल्या?” या प्रश्नाचे उत्तर तिकडच्या अनुभवातच शोधू.

सतरा किलोंचा दूरचित्रवाणी संच

१९७९ साली लॉरेन्स कोहेन व मार्कस फेल्सन या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता आली, गरिबी हटली. मग चोऱ्या वाढल्या का, हे कोडे त्यांना सोडवायचे होते. त्यांचे उत्तर साधे होते. चोरी घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : चोरी करू इच्छिणारा माणूस, उचलण्याजोगी वस्तू आणि राखणदाराची गैरहजेरी. युद्धोत्तर काळात स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडल्या, घरे दिवसा रिकामी राहू लागली. त्याच वेळी घरातील किमती वस्तू हलक्या झाल्या. विक्रीच्या सूचिपत्रातील सर्वांत हलका दूरचित्रवाणी संच १९६० साली सुमारे सतरा किलोंचा होता. १९७० साली तो सात किलोंच्या आत आला. एका माणसाला काखोटीला मारून नेता येईल इतका! थोडक्यात, माणसांच्या मनाची घडण न बदलताही चोऱ्या वाढू शकतात, असे या दोघांनी दाखवून दिले.

पुढील काळात हीच गाडी उलट दिशेने धावली. ग्रॅहॅम फॅरेल, निक टिली, अँड्रोमाकी सेलोनी या ब्रिटिश अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, इंग्लंडमधील घट प्रामुख्याने दारे-खिडक्या मजबूत झाल्याने घडून आली. खिडक्यांना कुलपे बसली, दाराला चांगल्या प्रतीचे खटके आले, दुहेरी काचांच्या चौकटी आल्या. नेदरलँड्समध्ये १९९९ पासून नव्या प्रत्येक घराला चोराला दाद न देणाऱ्या दारे-खिडक्या बसविणे कायद्याने सक्तीचे झाले. त्यानंतर बांधलेल्या घरांत घरफोडीचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाल्याचे तेथील संशोधकांनी दाखविले. शिवाय घरातील वस्तूच स्वस्त झाल्या. जुना दूरचित्रवाणी संच आज भंगारवालाही आनंदाने घेत नाही. रोकड बँकेत आणि मोबाइल खिशात. हेरॉइनची लाट ओसरली, हेही एक कारण काही अभ्यासक देतात. आणि २०२० साली महामारीच्या टाळेबंदीत जगातील अनेक शहरांत घरफोड्या एकदम घसरल्या. त्या वर्षी चोरांना पश्चात्ताप झाला, असे कोणी म्हणणार नाही. सगळी माणसे घरी बसून होती, एवढेच.

या सगळ्या कारणांत कोठेही अंतःकरणाचा उल्लेख नाही, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानात आली असेल. म्हणून आपल्या मूळ प्रश्नाचे पहिले उत्तर सरळ आहे. घरफोडीचा आकडा दाराची मजबुती मोजतो, वस्तूची किंमत मोजतो, घरातील वर्दळ मोजतो. माणसाच्या सज्जनतेचे माप त्याला घेता येत नाही.

कुलूपही दया करते

मग ही घट नैतिकदृष्ट्या कवडीमोल आहे काय? केवळ कुलपाने रोखलेली चोरी ही मनात केलेली चोरीच, असे म्हणून हा विषय बाजूला सारावा काय? इतकी घाई करणे योग्य होणार नाही.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सोळाव्या वर्षी केलेल्या चोरीची कथा सांगितली आहे. सवंगड्यांसह रात्री शेजाऱ्याच्या झाडावरचे पेअर त्यांनी पळविले. भूक नव्हती, फळेही काही खास नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकली. मोठेपणी बिशप झालेल्या या महापुरुषाला ती क्षुल्लक चोरी आयुष्यभर बोचत राहिली. कारण गरज नसताना केवळ दुष्कृत्याच्या गोडीसाठी आणि सोबत्यांच्या भरीला पडून आपण ती केली, हे त्यांना कळून चुकले होते. एकटा असतो तर केली नसती, असेही ते कबूल करतात.

आता विचार करा. त्या बागेला उंच कुंपण असते तर? ऑगस्टीनचे हृदय त्यामुळे पवित्र झाले नसते, हे खरे. पण त्या रात्री ते पापही घडले नसते. आधुनिक अभ्यासकांचे एक अनुमान येथे विचारात घेण्याजोगे आहे. घरफोडी आणि मोटारचोरी हे गुन्हेगारीच्या वाटेवरचे पहिले टप्पे असतात, असे ते म्हणतात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उघड्या खिडकीपासून सुरुवात करतो; पहिली चोरी पचली की दुसरी, दुसरीनंतर तुरुंग आणि तुरुंगातून बाहेर पडताना तो पक्का झालेला असतो. खिडकी बंद मिळाली तर पुष्कळ मुले त्या वाटेला लागतच नाहीत. म्हणजे कुलूप जसे घरधन्याचे रक्षण करते, तसेच ते त्या अनोळखी मुलाचेही रक्षण करते. मोहात पडू नये म्हणून प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज याचना करतो. ती एकवचनी नाही, ‘आम्हां’ सर्वांसाठी आहे. त्या ‘आम्हां’त आपल्या अंगणावरून जाणारा तो मुलगाही येतो. दुसऱ्याच्या वाटेतला मोह दूर करणे ही परोपकाराची एक रीत आहे. दाराला कडी घालताना ‘चोर येईल’ या भीतीबरोबर ‘कोणी चोर होऊ नये’ ही इच्छाही बाळगता येते.

तरीही ही दया पहिल्या पायरीवरची होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे गाव सर्वांना ठाऊक आहे. तेथील घरांना दारे नसतात, कुलपे नसतात. चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतो, अशी त्या गावाची श्रद्धा आहे. २०११ साली तेथे युको बँकेनेही कुलपाविना शाखा उघडली. आपल्या शेजारधर्मीयांच्या या श्रद्धेविषयी आदर ठेवूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो आणि तो आपल्यालाही तितकाच लागू आहे. शिक्षेच्या भयाने चोरी न करणारा आणि कुलपामुळे चोरी न करणारा, या दोघांत फरक किती? आपल्या ईशज्ञानातही दासाचे भय आणि पुत्राचे भय असा भेद करतात. दास फटक्याला भितो. पुत्र पित्याचे मन दुखावण्याला भितो. नरकाच्या भयाने हात आवरणारा ख्रिस्ती माणूस हा बऱ्याच अंशी बंद कुलपासमोर उभा असलेला माणूसच असतो.

चोरी दार बदलते

मन न बदलता केवळ दार मजबूत केले तर काय होते, याचे उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. भारतात २०१८ साली सायबर गुन्ह्यांची २७,२४८ प्रकरणे नोंदली गेली. २०२२ साली ती ६५,८९३ झाली. त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश प्रकरणे फसवणुकीची होती. आजचा चोर कौलांवरून उतरत नाही. तो फोनवरून गोड बोलतो, पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून वृद्धांना घाबरवितो आणि आयुष्यभराची पुंजी पाच मिनिटांत साफ करतो. सेफ्टी डोअर, वॉचमन, सीसीटीव्ही, सगळे जागच्या जागी राहते. घरफोडीच्या रकान्यात या चोरीची नोंदही होत नाही.

आणि ज्या चोऱ्या कोणत्याच रकान्यात येत नाहीत, त्यांचे काय? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेखाली मोठी यादी दिली आहे. उसनी घेतलेली वस्तू जाणूनबुजून परत न करणे, व्यापारातील लबाडी, अपुरी मजुरी, कर चुकविणे, काम वाईट करणे, उधळपट्टी करणे, हे सारे त्यात येते. चौथ्या शतकातील संत बाझिल तर याच्याही पुढे जातात. पेटीत पडून राहिलेला जादा अंगरखा हा उघड्या माणसाचा आहे, असे त्यांचे म्हणणे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याची दुसरी बाजू मांडली. प्राणावर बेतलेल्या गरजेत, दुसरा काहीच उपाय नसताना, माणसाने परक्याचे अन्न घेतले तर त्याला चोरी म्हणता येत नाही. कारण पृथ्वीवरील वस्तू परमेश्वराने सर्वांच्या निर्वाहासाठी निर्माण केल्या आहेत. खाजगी मालमत्तेचा हक्क ख्रिस्तसभा मानते. पण तो हक्क या मूळ हेतूच्या वरचढ आहे, असे ती मानीत नाही.

या कसोटीवर पाहता, कुलूपबंद दाराच्या आतील गृहस्थही सातव्या आज्ञेच्या कक्षेत येतो. मोलकरणीचा महिन्याचा पगार दहा तारखेपर्यंत रखडविणारा, भावाच्या वाट्याची जमीन कागदाच्या चलाखीने आपल्या नावे करून घेणारा, शेतमजुराच्या रोजातून अर्धा दिवस कापणारा, यांपैकी कोणाची गणना राष्ट्रीय अहवालात होत नाही. त्यांची गणना करणारा दुसरा आहे.

कोणावर चोरी, कोणावर संशय

घरफोडीची झळ मुख्यतः श्रीमंतांना लागते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अमेरिकेतील सरकारी पाहण्यांत वर्षानुवर्षे असे आढळत आले आहे की, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत घरफोडीचे प्रमाण सधन कुटुंबांहून अधिक असते. इंग्लंडमध्येही घट झाली, पण तिचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. भाड्याच्या घरातील, एकट्या आईने वा बापाने चालविलेली गरीब कुटुंबे मागे राहिली. मजबूत दार विकत घ्यावे लागते. ज्याच्यापाशी ते घेण्याची ऐपत नाही, त्याचे पत्र्याचे दार पूर्वीसारखेच राहते. राष्ट्राची सरासरी सुधारली म्हणजे सर्वांत दुबळ्याचे घर सुरक्षित झाले, असे समजण्याचे कारण नाही.

संशयाचीही हीच गत. १८७१ साली ब्रिटिश सरकारने एक कायदा करून कित्येक जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर चोर असा शिक्का. १९५२ साली हा कायदा सबंध देशात रद्द झाला. पण पारधी वस्तीकडे पाहण्याची नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल, त्यांना हे अधिक सांगायला नको. आणि एवढ्या दूर जाण्याची तरी गरज काय? घरातील सोनसाखळी दिसेनाशी झाली की पहिली नजर कोणाकडे वळते? बहुतेक वेळा भांडीवालीकडे. चार दिवसांनी साखळी गादीखाली सापडते, सगळे हसतात. त्या बाईचे गेलेले नाव मात्र कोणी परत आणून देत नाही. निरपराध माणसाची अब्रू नेणे हीदेखील चोरीच. आणि ती आठव्या आज्ञेचाही भंग करते.

खरोखर चोर असलेल्या माणसाच्या बाबतीतही पवित्र शास्त्र आपल्याला सावध करते. निर्गमाच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायात एक विलक्षण नियम आहे. रात्री घर फोडताना सापडलेला चोर मारला गेला तर घरधन्यावर रक्तपाताचा दोष येत नाही. पण सूर्य उगवल्यावर मारला गेला तर येतो. अंधारात हेतू कळत नाही, जीव वाचविणे भाग असते. उजेडात चोराचा चेहरा दिसतो आणि तो माणूस आहे हे नाकारता येत नाही. रात्रीच्या घरफोडीला असाच वेगळा न्याय भारतीय दंड संहितेच्या कलम १०३ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. पण बचावाला आवश्यक तेवढ्याच बळाची मर्यादा तेथेही घातलेली आहे. विजेच्या खांबाला बांधलेल्या भुरट्या चोराला दिवसाढवळ्या जमावाने मरेतो मारणे हे या दोन्ही कायद्यांत बसत नाही. चोरीला गेलेली वस्तू कितीही मोलाची असली, तरी ती ज्याने चोरली त्याच्या प्राणाहून मोलाची नसते.

कर्कहोल्टचे शेजारी

आता एका वसाहतीची हकीकत सांगतो. मँचेस्टरजवळ रॉचडेल येथे कर्कहोल्ट नावाची, नगरपालिकेने बांधलेली दोन हजारांहून अधिक घरांची गरीब वस्ती आहे. १९८० च्या दशकात तेथे घरफोड्यांचा सुळसुळाट झाला होता. पोलीस, परिवीक्षा अधिकारी आणि मँचेस्टर विद्यापीठातील अभ्यासक एकत्र आले. त्यांनी चोरी झालेल्या घरांत जाऊन विचारपूस केली, शेजाऱ्यांशी बोलले आणि शिक्षा झालेल्या घरफोड्यांनाही भेटले. तेव्हा दोन गोष्टी उघडकीस आल्या. एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पट अधिक होती. आणि चोरांचा डोळा पुष्कळदा नाणी टाकून चालणाऱ्या वीज व गॅसच्या मीटरांवर असे. गरिबाच्या घरात रोकड भरलेली ती एकच पेटी!

मीटर काढून टाकले गेले. ज्याचे घर फोडले गेले त्याची दारे-खिडक्या सर्वांआधी नीट करून दिली. आणि त्याच्या आजूबाजूच्या सहा-एक घरांना विनंती करण्यात आली की, तुम्ही या घरावर लक्ष ठेवा. पुढच्या टप्प्यात त्यांनी चोरांचाही विचार केला. त्यांतले अनेक जण कर्जात आणि दारूत बुडालेले होते. म्हणून वस्तीत पतपेढी उघडण्यात आली आणि सुटून आलेल्यांसाठी मदतीचे उपक्रम सुरू झाले. पहिल्याच वर्षी घरफोड्या निम्म्याहून कमी झाल्या. तीन वर्षांत तीन-चतुर्थांश घटल्या.

येथेही कुलूप आहेच. पण कुलपाबरोबर शेजारी आहे, आणि शेजाऱ्याबरोबर चोराच्या अडचणीची विचारपूस आहे. आपल्याला यात नवे ते काय वाटावे? १९१८ साली वसईतील कॅथलिकांनी सहकारी पतसंस्था उभारली, तीच पुढे बसीन कॅथलिक बँक झाली. अडल्यानडल्याला सावकाराच्या दाराखेरीज दुसरे एक दार त्यामुळे मिळाले. अशा दारांनी किती घरे मोडण्यापासून वाचविली आणि किती माणसांना वाकड्या वाटेपासून परावृत्त केले, याची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात मिळणार नाही.

संत पौल इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात चोराला उपदेश करतात. तो तीन पायऱ्यांचा आहे. चोरी करणे सोड. आपल्या हातांनी प्रामाणिक काम कर. आणि ते अशासाठी की गरजवंताला देण्याकरिता तुझ्यापाशी काही असावे. पौलाच्या दृष्टीने चोराचे परिवर्तन तो चोरी थांबवितो तेथे पुरे होत नाही. घेणारा हात देणारा होतो, तेव्हा ते पुरे होते. जखैनेही नेमके हेच केले : आधी अर्धी मालमत्ता गरिबांना, मग फसविलेल्यांना चौपट परत.

देशोदेशीचे घरफोडीचे आकडे यांपैकी फक्त पहिली पायरी मोजतात, तीही अर्धवट. ते घटले तर परमेश्वराचे आभार मानावेत. सरकारने मोजदाद अधिक प्रामाणिकपणे करावी, असा आग्रहही धरावा. पुढच्या दोन पायऱ्या मोजण्याचे काम मात्र धर्मग्रामाचे आहे. आज आपल्या गावातली कित्येक घरे बंद असतात. मुले आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आणि मागे एकटे आई-वडील. नव्या इमारतींत समोरच्या दारामागे कोण राहते, हे ठाऊक नसते. त्या एकट्या वृद्धेच्या भोवतीची सहा घरे कोणती? रविवारी ती मिस्साला आली नाही, तर तिच्या दारावर कोण थाप देईल? तुरुंगातून सुटून आलेल्या मुलाला काम देण्यास आपल्यापैकी कोण तयार आहे? आणि आपल्या घरी राबणाऱ्या बाईचा पगार या महिन्यात कोणत्या तारखेला दिला गेला? पवित्र आठवड्यात पापनिवेदनाला जाण्यापूर्वी सातव्या आज्ञेपाशी थांबून आपण सहसा “चोरी केली नाही” असे म्हणून पुढे सरकतो. यंदा तेथे थोडे अधिक थांबावे आणि या चार प्रश्नांची उत्तरे स्वतःशी द्यावीत.